पाणमांजराची नववी सुटका

नवव्यांदा पिंजरा उघडला आणि पाणमांजर नवव्यांदा स्वतंत्र झालं.

टीव्हीवरचे जंगलकाका गुडघ्यावर बसले. त्यांच्या शर्टाला चौदा खिसे होते. एकात कंगवा, बाकीचे तेरा वन्यजीवांसाठी. "जा बाळा, ही नदी तुझीच आहे," ते दाटल्या गळ्याने म्हणाले. पाणमांजर पाण्यापर्यंत पोचलं.

"कट. काकांचं कपाळ चमकतंय," कॅमेरामन म्हणाला.

पावडर लावणारी धावली. दर वेळेसारखा एक जण मासा घेऊन पाणमांजराला परत बोलवायला निघाला. पण आता त्याची गरजच उरली नव्हती. 'कट' ऐकून ते आपणहून वळलं, पिंजऱ्यात जाऊन बसलं आणि तोंड उघडून मेहनतान्याची वाट पाहू लागलं.

"किती लळा लागलाय बघा," जंगलकाकांचे डोळे पाणावले. कॅमेरा बंद असतानाही पाणावायचे. सवय.

प्राणी बचाव केंद्राच्या डॉक्टरबाई डोक्यावरून गोणपाट घेऊन उभ्या होत्या. आठ महिने त्यांनी अशाच अवतारात, चकार शब्द न काढता त्याला मासे भरवले होते, त्याला माणसाची ओळख होऊ नये म्हणून. हल्ली घरी नवऱ्यालाही त्या खुणेनेच जेवायला बोलवत.

आज त्या बोलल्या. "काका, हे असं माणसांकडे यायला लागलं, तर पलीकडचे मासेमार काठीने ठेचतील हो त्याला."

"फारच छान. हे वाक्य मी म्हणतो. चला, दहावा टेक."

पिंजरा उघडला. पाणमांजर पाण्यापर्यंत गेलं, थांबलं आणि 'कट'ची वाट पाहत मागे वळून बसलं.

डॉक्टरबाईंनी गोणपाट फेकलं, दगड उचलला आणि मारला. पाठीत बसला. पाणमांजराने आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा पाहिला. दुसरा दगड येण्याआधी त्याने बुडी मारली. लांब, प्रवाहाच्या मधोमध एकदा डोकं वर आलं. मग तेही नाही.

कॅमेरामनने कॅमेऱ्यामागून डोकं वर काढलं.

"घेतलंस?" जंगलकाकांनी विचारलं.

"घेतलं."

"उत्तम. ताई, पुन्हा एकदा मारा. या वेळी मी मध्ये येऊन तुम्हाला अडवतो."

"ते गेलं, काका."

"असू दे. त्याचं नंतर जोडता येईल."

डॉक्टरबाई खाली वाकल्या. आधीचे दोन दगड घाईत उचललेले होते. हा त्यांनी निवडून घेतला.