अर्जापुरता कॉम्प्युटर

"सुरू व्हायलाच चार मिनिटं," दादा मनगटावरचं घड्याळ बघत म्हणाला. "हा डबा रोजच्या वापराला काय कामाचा? भंगारात जाऊ दे." पाठ्यपुस्तकाएवढ्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर आईने बारा वर्षं लोकांचे अर्ज टाइप करून दिले होते, तिला जाऊन महिना झाला होता. "चार मिनिटांत चहा होतो," धाकटी बहीण म्हणाली. "व्हिडिओ अडकतो." "अर्जात व्हिडिओ नसतो, दादा." "हट्टी आहेस. अगदी आईवर गेलीस." "मग मोडता घालू नकोस." तिने खुर्ची पुढे ओढली आणि शेजारच्या शिक्षिकेचा बदलीचा अर्ज उघडला. आईच्या हातून तो तिसऱ्या वाक्यावर थांबला होता. टाइपरायटरवर शिकलेली आई प्रत्येक पूर्णविरामानंतर दोनदा जागा सोडायची, आणि ती जादा जागा धाकटी मागाहून गुपचूप काढून टाकायची. तिने चौथं वाक्य लिहिलं, पूर्णविराम दिला आणि स्पेसबार दोनदा दाबला.