बाराव्या दिवसाची गोळी

कंदिलाची ज्योत करंगळीच्या पेराएवढी होती. दोर सहा हात सोडला, तेव्हा ती तेवढीच राहिली. बारा हातांवर कंदील खालच्या हळदीला टेकला, तरी ती ना बुटकी झाली, ना निळी पडली. कोंडीबानं मनात शंभर अंक मोजले आणि कंदील वर ओढून घेतला.

"हवा बरी हाय," तो म्हणाला.

सांगलीजवळच्या त्या रानात हळद साठवायची वीसेक पेवं होती. जमिनीच्या पोटात रांजणासारखी खोदलेली, तोंड माणूस जेमतेम मावेल एवढं. पेवात कोंडलेली हवा माणसाला आधी पेंग आणते आणि मग उठू देत नाही. म्हणून तोंड आदल्या दिवशी उघडून ठेवायचं, सकाळी कंदील सोडायचा आणि मग टोळीतल्या सगळ्यात जाणत्या माणसानं आत उतरायचं. सव्वीस वर्षं तो माणूस कोंडीबा होता.

पुतण्या अर्जुनानं दोर पुढं केला. "तात्या, कमरेला बांधा."

"रुततोय रं. ऱ्हाऊ दे."

कमरेत उसण भरून आज बारावा दिवस होता. डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धानंतर निघालेल्या नव्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. आखडलेला स्नायू सैल पडेल, म्हणाले. दिवसातून तीन, जेवणानंतर, चारच दिवस. पेंग येईल, तेव्हा घरी पडून राहायचं. गाडी हाकायची नाही, झाडावर चढायचं नाही, विहिरीत उतरायचं नाही. पेवाचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं आणि कोंडीबानं विचारलं नव्हतं. चार दिवसांत दुखणं निम्म्यावर आलं. उरलेल्या निम्म्यासाठी त्यानं तीच चिठ्ठी दुसऱ्या दुकानात दाखवून पुन्हा गोळ्या आणल्या. आज सकाळी एकीनं भागेना, म्हणून दोन घेतल्या.

"डॉक्टरला इचारलंसा का?" बायको धोंडुबाईनं भाकरी थापता थापता विचारलं होतं.

"डॉक्टर येतोय व्हय पेवात उतराय?"

आत नेहमीसारखी ऊब होती. पाटी भरायची, दोराला झटका द्यायचा, की पाटी वर जायची. दर पाटीला अर्जुना वरून हाक मारी आणि कोंडीबा ओ देई. ओ आली नाही, तर कमरेचा दोर ओढून माणूस बाहेर काढायचा. त्याच्यामागं दुसऱ्यानं उतरायचं नाही, कारण उतरला तर दोघंही जातात. अर्जुना टोळीत आला, त्या दिवशी कोंडीबानंच त्याला हे शिकवलं होतं.

नवव्या पाटीनंतर तो जरा टेकला. हळद पाठीला ऊनऊन लागत होती. कमर कितीतरी दिवसांनी आपली वाटत होती. वरून हाक आली, "तात्या!" त्यानं ओ दिली. पुन्हा हाक आली. त्यानं पुन्हा ओ दिली, थोडी वैतागूनच.

मग कुणीतरी त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवत होतं. अर्जुना होता. त्याच्या नडगीचं सालपट निघालं होतं आणि कमरेला दोर नव्हता.

"तू कशाला उतरलास रं?"

"सात हाका मारल्या, तात्या. सात!"

"ओ दिली की मी."

"कुठं दिली? तोंड तरी हाललं का तुमचं?"

वरून दोर आला. आधी कोंडीबा वर गेला, मग अर्जुना. मुकादम भाऊसो पेवाच्या तोंडाशीच उभा होता. "कोंडीबा, सासरवाडीला आल्यागत ताणून दिलीस की गड्या!" असं म्हणून तो हसला. त्यानं स्वतः कंदील पुन्हा खाली सोडला. ज्योत नीट जळत राहिली.

"कंदील तर जळतोय. मग झालं काय?"

कोंडीबाच्या आधी अर्जुना बोलला. "हवाच वंगाळ हाय. मला बी गरगरलं."

"मग आज काम बंद. पेवाचं तोंड उघडंच ऱ्हाऊ दे. उद्या बघू."

टोळीनं मान हलवली. हवेवर कुणाचा राग नसतो. पेवाचं काम उद्या पुन्हा सुरू झालं असतं आणि कोंडीबा पुन्हा उतरला असता. उतरणं सोडलेला माणूस सावलीला बसून पोती शिवतो, म्हाताऱ्या नानासोच्या शेजारी, आणि त्याला कुणी काही विचारत नाही. गेल्या दिवाळीपासून कोंडीबा त्या सावलीकडं बघायचंही टाळत होता.

त्यानं अर्जुनाकडं बघितलं. रक्त नडगीवरून घोट्यापर्यंत आलं होतं, आणि अर्जुनाचं तिकडं लक्ष नव्हतं. तो काकाच्या तोंडाकडं बघत होता.

कोंडीबानं बंडीच्या खिशातून गोळ्यांची पुडी काढून भाऊसोच्या हातात दिली.

"हवा चांगली हाय. पोरगं माज्यासाठी खोटं बोलतंय. ह्या गोळ्यांनी पेंग आली मला. चार दिस घ्यायच्या हुत्या, मी बारा दिस घेतल्या. हवेची पेंग आन् ह्यांची पेंग, आतल्या माणसाला येगळी कळत न्हाई."

भाऊसोनं पुडी उघडली, आत बघितलं आणि पुन्हा मिटली.

"मग घरी पड जा की. डॉक्टरला दाखीव. गोळ्या बंद झाल्या, उसण गेली, की ये उतराय. पेव कुठं पळून जातंय व्हय?"

कुणीतरी हसलं. नानासोनं सुईत दोरा ओवायला घेतला. बोलणं तिथंच संपल्यासारखं झालं आणि अर्जुना पाट्या गोळा करायला वाकला.

"न्हाई," कोंडीबा म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "उसण गेली तरी न्हाई. शिकवलेलं इसरून पोरगं माज्यामागं बिनदोराचं उतरलं, पुन्यांदाबी उतरंल. पेवात मी आता कवाच उतरणार न्हाई, भाऊसो. माजी जागा अर्जुनाला द्या."