कमळाचं शेलापागोटं

"काशीराम," भिकाजी म्हणाला, आणि काशीराम निमूट उभा राहिला. "याला उभं केलं की उत्तर आठवत नाही. खाली बसवलं की लगेच आठवतं."

वर्ग खो खो हसला. खेर मास्तरांनी उपरण्याने डोळे पुसले. काशीराम कान लाल करून खाली बसला आणि बसताक्षणी काहीतरी सुचल्यासारखं त्याने तोंड उघडलं, तेव्हा तर हसण्याला ऊतच आला.

तेहतीस सालचा मॅट्रिकचा वर्ग रत्नागिरीच्या शाळेचा निरोप घेत होता. कोकम सरबताचे पेले फिरले होते आणि रिवाजाप्रमाणे शेलापागोटी चालू होती. वर्गातल्या एकाने पुढे यायचं आणि बाकी प्रत्येकाच्या स्वभावावर एकेक ओळ म्हणायची. ज्याचं नाव निघेल त्याने उभं राहून ती मुकाट्याने घ्यायची, रागवायचं नाही. यंदा हा मान भिकाजी लेल्याकडे आला होता आणि तो दुसऱ्या कोणाकडे जाणं शक्यच नव्हतं. त्याच्या जिभेला अख्खी शाळा वचकून असे.

विठू मयेकर झाला. "होडीतून येतो आणि उशिराचं खापर ओहोटीवर फोडतो. समुद्राची एवढी बदनामी दुसऱ्या कोणी केली नसेल." बाबू सुर्वे झाला. "बापूस मुंबईला गिरणीत. म्हणून याच्या भूगोलात मुंबईखेरीज गावच नाही." मग भिकाजीने आपला पेला उचलला आणि म्हणाला, "संपलं."

संपलं नव्हतं. कमळा गद्रे राहिली होती. मास्तरांच्या टेबलाशेजारच्या बाकावर एकटी बसणारी, वर्गातली एकुलती एक मुलगी. भिकाजीने तिला मुद्दाम वगळलं होतं.

भिकाजी मामाकडे राहतो आणि मामाकडे दूधतुपाची रेलचेल आहे, असं सगळा वर्ग धरून चालला होता. तसं भिकाजीनेच पसरवलं होतं. मामा होता, पण दाभोळला, आणि तो भाच्याला ओळख देत नव्हता. भिकाजी देवळाच्या पडवीत निजायचा आणि वार लावून जेवायचा. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. गुरुवार गद्र्यांकडे होता.

कमळाच्या आईचे पाय सुजलेले असत, म्हणून शाळेआधीचा स्वयंपाक कमळाच करी, चुलीशी इतिहासाचं पुस्तक उभं करून. आमटीत मीठ घालायचं हमखास राहायचं. तिला सांगणार कोण? आईला वैद्याने मीठ बंद केलेलं, वडील मौन धरून जेवणारे आणि ती स्वतः दहीभातावर भागवून शाळेला पळणारी. उरला भिकाजी. पण वारावर जेवणाऱ्या मुलाने चवीबद्दल चकार शब्द काढायचा नसतो, हे आईने त्याला गावाहून निघतानाच बजावलं होतं. तो मान खाली घालून जेवायचा आणि पोट भरलेलं नसायचं म्हणून आमटी दुसऱ्यांदा मागायचा. मग तो मागच्या दाराने निघे, ती पुढच्या, आणि अकरा वाजता वर्गात दोघं एकमेकांना ओळखत नसत.

तीन वर्षं ती याबद्दल एका शब्दाने बोलली नव्हती. भिकाजीला तिच्या त्या गप्प राहण्याचीच धास्ती होती. आज तिच्यावर ओळ म्हणावी आणि तिने उलटून "गुरुवारी जेवायला येशील तेव्हा बोलू" एवढंच म्हणावं, की कारभार आटोपला. पोटासाठी घरोघर जाणाऱ्याच्या जिभेला मग कोण वचकणार?

"मास्तर," कमळा उठून उभी राहिली, "माझं राहिलं."

मास्तर गडबडले. "असं कसं रे भिकाजी? म्हण हिच्यावर काहीतरी. गुणी मुलगी आहे, असं म्हण."

"गुणी नको, मास्तर," कमळा म्हणाली. "सगळ्यांसारखं हवं."

तिचा आवाज कापला. भिकाजीने वर्गात पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघितलं. तीन वर्षं ती याच वर्गात होती आणि शेवटच्या दिवशी त्याने तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. अजूनही "गुणी" म्हणून सुटता येत होतं. शब्द ओठांवर आलाही होता.

"कमळा," तो म्हणाला. "हिला पानिपतापासून खडकीपर्यंत सगळ्या लढायांची सालं पाठ. आमटीत मीठ घालायचं तेवढं आठवत नाही."

कोणी हसलं नाही. मुलीच्या चुलीवरची गोष्ट याच्यापर्यंत आली कशी, तेच कोणाला कळेना.

"तुला रे कसं ठावक?" बाबू सुर्व्याने विचारलं.

भिकाजीने पेला खाली ठेवला. "दर गुरुवारी मी हिच्याकडे जेवतो. वार लावून. बाकीच्या दिवशी बाकीच्या घरी. मामाबिमा काही नाही."

मास्तरांनी उपरणं उगाच सारखं केलं. भिकाजी कमळाकडे बघत उभा राहिला. आता तिने काय म्हणायचं ते म्हणावं. कमळाचा चेहरा लालबुंद झाला होता.

"अरे मेल्या, तीन वर्षं बोलला का नाहीस?" ती म्हणाली. "मी आपली समजत होते, माझी आमटी आवडते म्हणून दोनदा मागतोस!"