उगंच भ्यालो

इरप्पाची लाथ कमरेत बसली की महानंदा भिंतीवर जाऊन आदळायची. सहा महिन्यांपासून तिला शौचाला रक्त जात होतं. इरप्पाच्या मारामुळंच जातंय, असं दोघांनाही वाटायचं. म्हणून त्यानं बायकोला कधी दवाखान्यात जाऊ दिलं नाही. "कुणाला बोललीस तर हितंच गाडीन," म्हणायचा. शेवटी वळसंगच्या बाजारात भाजी घेताना ती चक्कर येऊन पडली. लोकांनीच तिला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात पोचवलं.

तपासण्या झाल्यावर डॉक्टर मॅडमनी तिला आणि मागोमाग धावत आलेल्या इरप्पाला बोलावलं.

"गुदाशयात कॅन्सरची गाठ आहे. पण अगदी सुरुवातीची, वरच्या थरातली. पोट न फाडता दुर्बिणीतून काढू. काढलेली गाठ तपासताना ती खोल गेलेली दिसली, तरच मोठं ऑपरेशन लागेल."

"म्हंजे रक्त त्या गाठीचं व्हय?" इरप्पानं विचारलं. "मार लागून न्हाय?"

"नाही. गाठीचंच."

इरप्पानं मोठा श्वास सोडला. मग तो चक्क हसला. "बगितलंस? मी उगंच भ्यालो की," तो महानंदाला म्हणाला.

महानंदा त्याच्या हसऱ्या तोंडाकडं बघत राहिली. मॅडम कागद लिहू लागल्या, तेव्हा ती उठली. त्यांच्याकडं पाठ करून तिनं पदर बाजूला केला. कंबरभर काळेनिळे वळ होते.

"मॅडम, ह्ये ह्यानं केलंय," ती म्हणाली. "ह्ये बी लिवा."