प्रेसची जाळी

"वहिनी, घरचा माणूस समजून सांगतोय, सही करा," सुपरवायझर कुलथे म्हणाले. कागदावर लिहिलं होतं, कामगाराने प्रेसची सुरक्षा-जाळी स्वतः काढली, म्हणून बोटं गेली.

हे दवाखान्याच्या खाटेवर इंजेक्शनच्या गुंगीत होते. त्यांच्या हाताच्या पांढऱ्या गाठोड्याकडे झेपावणाऱ्या आमच्या लहानग्या चिमीला मी घट्ट धरलं. सही केलीत तर भरपाई बुडेल, असं वकीलबाईंनी फोनवर बजावलं होतं.

"जाळी ह्यांनी नाही काढली, साहेब."

"मग काय देवानं काढली?"

मला खंडेनवमी आठवली. कारखान्यात यंत्रांची पूजा होती, आम्हा बायकापोरांनाही बोलावलं होतं. मी मोबाइलमधला फोटो त्यांच्यासमोर धरला. प्रेसला झेंडूची माळ घालताना अडचण नको म्हणून काढलेली जाळी हातात घेऊन खुद्द कुलथे हसत होते. ती पुन्हा बसवलीच नाही, असं हे रोज जेवताना सांगायचे.

कुलथ्यांचा आवाज एकदम खाली आला. "हा आणखी कुणाकडे आहे?"

"वकीलबाईंकडे," म्हणत मी पाठवायचं बटण दाबलं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग, आल्यापासून पहिल्यांदाच, ह्यांच्या हाताकडे पाहिलं.