जुन्याची हौस

काकांचं घराबाहेर पडणं थांबल्यापासून सलूनवाले आप्पा घरी येऊन त्यांचे केस कापत. आज हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि ते थबकलेच. सोफ्यामागची अर्धी भिंत व्यापून त्यांच्याच जुन्या, केव्हाच पाडलेल्या दुकानाचा काळा-पांढरा फोटो टांगला होता.

"व्हिंटेज आहे," काकांच्या सूनबाई म्हणाल्या. "जुन्याची मला भारी हौस."

"आणि इथं काकांची आरामखुर्ची असायची ती?"

"ती माळ्यावर टाकली. इतकी जुनाट, हॉलची पार कळा जायची. बाबांनाही मागची खोली दिलीय. पाहुण्यांसमोर खोकत बसतात, बरं दिसत नाही."

आप्पांनी चष्मा पुसून फोटो न्याहाळला. दुकानाच्या उघड्या दारातून, रस्त्याकडे पाठ करून बसलेलं एक गिऱ्हाईक दिसत होतं. चेहरा नव्हता, पण डोक्यावरचे दोन भोवरे स्वच्छ दिसत होते. चाळीस वर्षं ज्या डोक्यावर कात्री फिरवली, ते ओळखायला तोंड कशाला बघायला हवं.

"छान केलंत, सूनबाई," पेटी उचलून मागच्या खोलीकडे वळत आप्पा म्हणाले. "पाठमोरे का होईना, काकांना हॉलमध्ये बसवलंत."