जुळ्या यंत्राचा वारा

"बाबा, आला का सिग्नल?" सुनेने नियंत्रण कक्षाच्या दारातून डोकावत विचारलं.

"आला की! आज वारा जोरात आहे," म्हणत सासरे वहीत लिहू लागले.

तो वारा दुसऱ्या ग्रहावरचा असं त्यांना वाटतंय, अशी तिची खात्री होती. खरं तर तो भिंतीपलीकडच्या प्रयोगशाळेतला होता. तिच्या नवऱ्याने वारा मोजायचं यंत्र बनवून यानासोबत पाठवलं होतं. चाचणीसाठी त्याचं जुळं इथे ठेवलं होतं. नवरा वारला आणि विसाव्या दिवशी यानही गप्प झालं. दुष्काळात तेरावा महिना.

कक्षातल्या ऑपरेटरचा तिला तसा फोन आला त्याच संध्याकाळी सासरे म्हणाले होते, "उद्यापासून कक्षात बसतो. पोराचा वारा ऐकतो."

निवृत्त झाले तरी तिथे त्यांना खुर्ची होती; ती तिथेच नोकरीला होती. पोरामागे यंत्रही गेलं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिने जुळं यंत्र सुरू केलं, त्याचा सिग्नल कक्षाकडे वळवला आणि समोर पंखा लावला. तेव्हापासून रोज तेच. उठायचं, डबा भरायचा, पंखा लावायचा. रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं.

"किती दिवस फसवणार, ताई?" ऑपरेटर म्हणाला. "चाळीस वर्षं यानांचे सिग्नलच ऐकलेत त्यांनी."

"निभेल तेवढे. वय झालंय आता त्यांचं."

पाच महिने निभलं. मग एका सोमवारी सासऱ्यांना ताप भरला.

"मी नाही म्हणून तू घरी बसू नकोस. जा, आकडे मांड," ते म्हणाले.

तिने कक्षात बसून त्यांची वही पहिल्यांदाच उघडली. वेळ, वारा, वारंवारिता. तिसऱ्या रकान्यावर बोट थांबलं. ग्रह दूर सरकतो तसा यानाच्या सिग्नलचा हा आकडा रोज थोडा बदलतो. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. इथे पाच महिने एकच आकडा होता. तो बदलून पाठवायचं तिला सुचलंच नव्हतं, आणि त्यांनी तो रोज नीट अक्षरात तसाच उतरवला होता.

तिने पहिलं पान काढलं. तारखेखाली लिहिलं होतं:

"सिग्नल शेजारच्या खोलीतला. सूनबाई एकवीस दिवसांनी घराबाहेर पडली. रोज ऐकायला यायला हवं."